लेकीबाळींचे दुखणे आणि जामखेडच्या डॉक्टरीणबाई



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी थोर स्त्रियांची चरित्रे येतात. यंदा मी जो इतिहास लिहीत आहे तो राजवाड्यातला नाही, आपल्या माजघरातला आहे. लहान मूल आजारी पडले की आपण त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेतो. सुनेला दिवस गेले की बायकांच्या डॉक्टरांकडे नाव घालतो. पण दहा-अकरापासून अठरापर्यंतची जी मुलगी घरात वावरते तिचे दुखणे कोणी पाहायचे? ती धड लहान नाही, धड बाई नाही. तिचे पोट दुखले तर ‘होतं तसं’, अंगावरून जास्त गेले तर ‘सगळ्यांनाच जातं’, आणि पाळीच आली नाही तर ‘चारचौघांत बोलू नको’. या वयाच्या मुलीला औषधापेक्षा आधी कोणीतरी ‘बाळ, तुला काय होतंय?’ असे विचारणारे हवे असते. हे विचारणारे माणूस आपल्याकडे कसे आले, त्याची ही हकीकत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चूकभूल द्यावी घ्यावी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. तिच्या शरीराविषयी जे काही बोलणे होई ते सासरचे, पंचांचे आणि कोर्टाचे. तिला कोणी विचारत नसे. मुंबईच्या रखमाबाईंनी हे पहिल्यांदा मोडले. १८६४ सालचा त्यांचा जन्म, अकराव्या वर्षी लग्न. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी याने दावा लावला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण पुढे १८८७ साली कोर्टाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी बायकामुलांचे दवाखाने चालवले. १९५५ साली त्या वारल्या.

त्याच सुमारास, १८९० साली, कलकत्त्याला फुलमणी या मुलीचा खटला उभा राहिला. वय दहा-अकरा. नवऱ्याच्या जबरदस्तीत ती रक्तस्राव होऊन मेली. तेव्हाच्या कायद्यात संमतीचे वय १० होते. मुलगी दहा पुरी झालेली, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागू होईना. नवऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली, एवढेच. मग हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासांहून अधिक डॉक्टरीणबाईंनी, मॅन्सेल नावाच्या डॉक्टरीणबाईंच्या पुढाकाराने, सरकारकडे अर्ज केला. आपल्यापुढे आलेल्या कोवळ्या मुलींना काय काय इजा झाल्या होत्या, कोणती मुलगी जन्माची अधू झाली, कोणती मेली, हे त्यांनी त्यात लिहून दिले. घराच्या आत घडणारी गोष्ट डॉक्टरांच्या साक्षीने प्रथमच उजेडात आली. १८९१ साली कायदा होऊन संमतीचे वय १२ झाले. तेवढ्यावरही पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला! पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले आणि १९७८ साली ते १८ झाले. दहापासून अठरापर्यंत यायला सत्याऐंशी वर्षे लागली.

आपल्या जिल्ह्यातही डॉक्टरीणबाई लवकर आल्या. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्युलिया बिसेल यांनी बायकामुलांसाठी दवाखाना काढला. तोच पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेला, आणि आज त्याला सगळे बूथ हॉस्पिटल म्हणतात. परपुरुषाला नाडीसुद्धा न दाखवणाऱ्या घरातल्या बायका डॉक्टरीणबाईंकडे येऊ लागल्या, हे मोठेच काम झाले. पण दवाखाना शहरात आणि दुखणे खेड्यात. आणि दवाखान्यात यायची ती अडलेली बाळंतीण. पोट दुखतेय म्हणून चौदा वर्षांच्या पोरीला बैलगाडीत घालून नगरला कोण आणणार?

आता मुख्य विषयाकडे येते.

मेबल आरोळे यांचा जन्म १९३५ सालचा, जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून त्या १९५९ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्याच वर्गात रजनीकांत आरोळे होते, ते आपल्या राहुरीचे. वर्गात बाई पहिल्या आल्या आणि ते दुसरे. दोघांनी लग्न केले ते खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचे असा निश्चय करून. १९६२ पासून चार वर्षे ती दोघे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होती. तिथे त्यांच्या ध्यानात आले की आज बरे करून पाठवलेले लेकरू महिन्याने पुन्हा त्याच दुखण्याने येते. पाणी तेच, उपास तेच, अडाणीपण तेच. पुढे ती अमेरिकेला गेली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली परत आली ती थेट जामखेडला.

जामखेड म्हणजे अहिल्यादेवींच्या चौंडीचा तालुका. तालुका मोठ्या नावाचा, पण पाऊस बेताचा आणि रस्ते नाहीत. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या जागेत त्यांनी काम सुरू केले. दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. तेव्हा औषधाआधी अन्न आणि पाणी हवे हे ओळखून त्यांनी मुलांसाठी अन्न शिजवले, कूपनलिका खोदायला मदत आणली. त्याने गावांचा विश्वास बसला.

त्या भागात १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांतली १७६ मुले वर्षाच्या आत जात होती, म्हणजे सहांतले एक. बाळंतपणे सुईण करी, नाळ विळ्याने कापली जाई. बाईंनी आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांवर नेमून पाहिल्या. त्या बिचाऱ्या परगावच्या, एकट्या राहायला भीत, आणि गावच्या बायका त्यांच्याशी मन मोकळे करीत नसत. मग असे ठरले की ज्या गावचे दुखणे त्याच गावची बाई निवडायची. गावाने निवडायची. शिकलेली नसली तरी चालेल, पण पोराबाळांची आई असावी, सगळ्यांच्या घरी जाणारी असावी. ज्या बायका निवडून आल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. कित्येकींची लग्ने न्हाण येण्याआधीच झालेली होती.

आठवड्यातून एकदा या बायका जामखेडला मुक्कामाला येत. मेबलबाई त्यांच्यात जमिनीवर बसून शिकवीत. गर्भाशय कुठे असते, पाळी का येते, दिवस कसे राहतात, रक्त कमी झाले हे डोळ्यांच्या पापणीवरून कसे ओळखावे, हात कसे धुवावेत, नाळ कशाने कापावी. सुरुवातीला जातीजातीच्या बायका वेगवेगळ्या निजत. पुढे सगळ्यांनी मिळून एक मोठी वाकळ शिवली आणि तिच्याखाली एकत्र निजू लागल्या. तुम्ही-आम्ही मंडळात जे करतो त्याहून हे निराळे नाही. बाई बाईजवळ निजली की बोलते. पाठ शिकवून झाल्यावर रात्री त्या वाकळीखाली जे बोलणे झाले असेल, तेही एक शिक्षणच असणार.

या कामाची फळे आकड्यांत दिसली. पाचच वर्षांत, १९७६ पर्यंत, वर्षाच्या आत दगावणारी मुले हजारी १७६ वरून ५२ वर आली. १९९३ साली हा आकडा १९ होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनीच उभारलेल्या आरोग्यकामांवर पुस्तक काढले त्यात जामखेडची हकीकत आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली तिथल्या कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात मोठी झुंबरे लटकत होती. त्यांनी पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या आणि सांगितले की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे. आम्ही पणत्या, एकीवरून दुसरी लागते. सगळे सभागृह उभे राहिले.

आता कोणी म्हणेल की हे तर बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांचे झाले, यात वयात येणारी मुलगी कुठे आहे? सांगते. बाळंतीण का अडते? कारण ती पंधरा वर्षांची आहे, तिची कंबर अजून भरलेली नाही. मूल अशक्त का जन्मते? कारण आईच्या अंगात रक्त नाही. आणि रक्त नाही ते आज नाही असे नाही. बाराव्या वर्षापासून तिच्या ताटात शेवटी उरलेले वाढले म्हणून नाही. म्हणून जामखेडच्या कामाला मागे मागे जात मुलीपर्यंत यावेच लागले. गावोगाव महिला मंडळे झाली, आणि पुढे किशोरी मुलींचे गट निघाले. त्यांत पाळीची, शरीराची माहिती, आहार, स्वतःचे रक्षण हे सगळे शिकवू लागले. मुलींना कराटेसुद्धा! मेबलबाई पुढे युनिसेफच्या दक्षिण आशियाच्या कामात सल्लागार होत्या. १९९९ साली त्या वारल्या, रजनीकांतजी २०११ साली.

माझे माहेर त्याच तालुक्यातले. आमच्या गावातही अशी एक कार्यकर्ती होती, आम्ही तिला मावशी म्हणत असू. मला पदर आला तेव्हा आईने घोंगडीवर बसवून ‘कशाला शिवू नको’ एवढेच सांगितले. तिलाही तेवढेच सांगितले गेले होते. मावशीने दुसऱ्या दिवशी येऊन विचारले, दुखतंय का, किती घड्या लागतात, कपडा उन्हात वाळवतेस की अंधारात? कपडा अंधारात कोंदट वाळवला की खाज सुटते, हे मला मावशीकडून कळले. पलीकडच्या आळीत एक मुलगी होती, सोळा वर्षांची. तिला पाळी आलेली नव्हती, पण दर महिन्याला पोट धरून लोळे, आणि पोट दिसू लागले. गावाने काय बोलायचे ते बोलून घेतले. बापाने दार लावून घेतले. मावशीने तिच्या आईला बाजूला घेऊन नीट विचारले, मुलीला विचारले, आणि दोघींना तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. निघाले काय, तर पाळीचा मार्ग जन्मापासून पातळ पडद्याने बंद होता आणि महिन्या-महिन्याचे रक्त आत साठत होते. लहानशी शस्त्रक्रिया झाली, मुलगी तिसऱ्या दिवशी घरी आली. आज तिला दोन मुले आहेत. मावशी विचारायला गेली नसती तर त्या मुलीचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

जगातही हे शास्त्र फार जुने नाही. मुलींच्या अशा दुखण्यांसाठी वेगळा दवाखाना युरोपात प्राग शहरी १९४० च्या सुमारास निघाला. या विषयाच्या डॉक्टरांचा जागतिक संघ १९७१ साली स्थापन झाला, म्हणजे जामखेडचे काम सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांत घरोघर विचारून तपासणी केली. तेरा वर्षांच्या मुलीपासून म्हाताऱ्यांपर्यंत ६५० जणी तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास विलायतेच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. इतक्या जणी सोसत होत्या आणि कोणी विचारले नव्हते. राणीताईंनीही पुढे मुलामुलींना वयात येण्याची माहिती देण्याचे काम ‘तारुण्यभान’ या नावाने केले.

भगिनींनो, हा सगळा जुना इतिहास आहे असे समजू नका. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींत शंभरात ५९ जणींना रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर जणींमागे सुमारे २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. कारण आपल्याला ठाऊक आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आपल्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल मिळते ती जोडप्याला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलीला गावी एकटी ठेवायची भीती, बरोबर न्यावी तर कोपीत आडोसा नाही, म्हणून लग्न करून कोयता पुरा करतात. पुढे काय होते, तेही पाहा. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली होती. चौदाव्या वर्षी जिचे दुखणे कोणी ऐकले नाही, तिला तिशीत पिशवी काढा म्हणून सांगतात.

म्हणून आपण आयांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या. पाळी बहुधा दहा ते पंधरा या वयात येते. आठ वर्षांच्या आतच अंग भरू लागले, तेराव्या वर्षापर्यंत छाती भरण्याची काहीच खूण नसली, पंधरा पुरी होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांहून जास्त रक्त जात राहिले, किंवा पाळी न येता दर महिन्याला पोट दुखू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘आतून तपासतील’ या भीतीने आपण मुलीला नेत नाही. पण लग्न न झालेल्या मुलीला बहुधा आतून तपासावे लागत नाही. विचारपूस, पोटावरून तपासणी आणि पोटावरची सोनोग्राफी यांवरच बहुतेक काम भागते. रक्ताची तपासणी स्वस्तात होते. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली पिशवीत टाकून आणतात, ती जेवणानंतर घेतली की मळमळत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस ९ ते १४ या वयात घेतली तर उत्तम. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाचे केंद्र असते, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भिशी होते, सहल होते. ते सगळे व्हावेच. त्याच्या जोडीला महिन्यातल्या एका शनिवारची दुपार दहा ते अठरा वयाच्या मुलींसाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना किंवा नर्सताईंना बोलवावे. वर्षातून दोनदा मुलींचे रक्त तपासून वहीत लिहावे. पुढच्या वर्धापनदिनाला त्या वहीतले आकडे अध्यक्षबाईंनी जमाखर्चाबरोबर वाचून दाखवावेत. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी अठराच्या आत मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, तर दोघी-तिघींनी जाऊन त्या आईजवळ बसावे. भांडायला नव्हे, ‘काय अडचण आहे?’ हे विचारायला. उसावर जाताना मुलगी कोणाजवळ ठेवायची हीच जर अडचण असेल, तर ती आपण मंडळाच्या बायका सोडवू शकतो. आपल्यापैकी कोणाची एक खोली, दोन वेळचे जेवण आणि शाळेची वेळ, एवढेच तर हवे असते.

मेबलबाईंनी जामखेडच्या बायकांना डॉक्टर केले नाही, विचारायला शिकवले. तेवढे आपल्यालाही जमेल. शनिवारसाठी ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी ते चिटणीसबाईंकडे द्यावे. माझे नाव पहिले लिहावे.